गोळी सुटल्यानंतरची हमाली

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या डोंगरावर सरळ रेषेत वर गेलेला एक जिना दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे केबलने ओढली जाणारी रेल्वे होती. 1990 मध्ये दरड कोसळली, रेल्वे बंद पडली, रूळ निघाले आणि मागे उरल्या सुमारे 2,700 पायऱ्या. दीड किलोमीटरच्या आत 600 मीटरचा चढ. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्या पुणेकरालाही साधारण एवढंच चढावं लागतं, पण सिंहगडाची वाट वळणं घेते आणि मध्ये ताकवालीही भेटते. इथे ती सोय नाही. शिवाय या जिन्याचा पायथाच समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेतीनशे मीटर वर.

उन्हाळ्यातल्या पहाटे इथे सडसडीत अंगाची धावणारी मंडळी भराभर वर जातात. त्यांच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळाच गडी दिसतो. वय चाळिशी-पन्नाशीचं, पोट थोडं सुटलेलं, पायात घोट्याच्या वर चढणारे जाड बूट आणि पाठीवर मोठी सॅक. सॅकमध्ये वाळूची गोणी किंवा पाण्याचे कॅन. दर पन्नास पायऱ्यांनी तो थांबतो, गुडघ्यांवर हात टेकतो, धाप ओसरली की पुन्हा निघतो. तो ट्रेकिंगला निघालेला नाही. त्याची तयारी एल्कच्या शिकारीची चालली आहे.

एल्क हे हरणाच्या कुळातलं भलंमोठं जनावर. रॉकी पर्वतातल्या प्रौढ नराचं वजन 300 किलोच्या पुढे जातं आणि खांद्याजवळ तो दीड मीटर उंच भरतो. आपल्याकडचं सांबर डोळ्यांसमोर आणलं तर त्याचा अंदाज येईल. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद झालं. कोलोरॅडोत ते परवान्यापुरतं उघडं आहे. राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत आणि कोणत्या भागात किती परवाने द्यायचे, हे बहुतांशी राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफलचा. मराठी वाचकाच्या मनात शिकार म्हटलं की मचाण, हाका आणि राजेरजवाड्यांचा लवाजमा येतो. इथला सामान्य शिकारी सुतार असतो, नर्स असतो, शाळेत शिकवतो. तो सरकारी जंगलात पायी हिंडतो आणि त्याच्या पाठीशी हाकारे नसतात.

त्याच्या तयारीतला नेमबाजीचा भाग सगळ्यांना दिसतो. पण नेम लागल्यावर जे काम सुरू होतं, त्याची तयारी त्या जिन्यावर चाललेली असते.

त्या कामाचा हिशेब साधा आहे. मोठ्या नराची हाडं जंगलातच काढून टाकली तरी 90 ते 100 किलो मांस उरतं. कोलोरॅडोच्या नियमांनुसार चारही पायांचे भाग, पाठीचं मांस आणि आतलं मऊ मांस आणावंच लागतं. शिंगं घेऊन मांस टाकून देणं हा गुन्हा आहे. समजा, गाडी पाच किलोमीटरवर उभी आहे आणि माणूस एका वेळी 25 किलो उचलतो. चार खेपा झाल्या. चार वेळा भरल्या पाठीने गाडीकडे, तीन वेळा रिकाम्या पाठीने परत. एकूण 35 किलोमीटर, तेही वाट नसलेल्या जंगलात, पडलेली झाडं ओलांडत. सप्टेंबरात दिवसा ऊन असतं आणि एल्कची जाड कातडी उष्णता धरून ठेवते. जनावर लगेच सोलून, मांस कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगलं नाही तर ते खराब होतं. म्हणून ‘आज दोन खेपा, उरलेल्या परवा’ असं चालत नाही.

गाडा का नेत नाहीत, हा प्रश्न इथे पडेल. 1964 च्या विल्डरनेस कायद्याने देशातल्या कित्येक राखीव रानांत मोटारच काय, साधा चाकाचा गाडाही न्यायला मनाई आहे. घोडा, खेचर किंवा लामा चालतो, पण ज्याच्याकडे जनावर नाही आणि भाड्याने घ्यायला पैसेही नाहीत, त्याला स्वतःची पाठच वापरावी लागते. शिकाऱ्याच्या व्यायामाला मग जिममधल्या आरशापुढच्या व्यायामाचं वळण राहत नाही. ते हमालीचं प्रशिक्षण होतं.

या प्रशिक्षणाचं वर्ष एप्रिलपासून मोजायला हरकत नाही. मोजक्या परवान्यांच्या सोडतीसाठी अर्ज करण्याची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. अर्ज भरताना पडणारा पहिला प्रश्न वजनकाट्याचा असतो. हिवाळाभर पोटावर चढलेले दहा-बारा किलो घेऊन 3,000 मीटरवर जाणं म्हणजे रिकाम्या हातांनीच अर्धी खेप वाहणं.

वजन उतरवण्याचं गणित त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं, अडचण येते ती पाळण्याची. किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज साधारण 550 कॅलरी कमी पडायला हव्यात. बिअरचे दोन कॅन आणि चिप्सची एक मध्यम पुडी सोडली की जवळजवळ तेवढ्या भरतात. एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत वीस-बावीस आठवडे मिळतात आणि त्यांत दहा-अकरा किलो उतरू शकतात. ज्याला जुलैत जाग येते तो उपाशी राहून महिन्यात आठ किलो उतरवायला बघतो. त्यात चरबीबरोबर मांड्यांचं मांसही जातं, आणि ओझं वाहायचं तर याच मांड्यांनी.

ताटातही शिकारच येते. गेल्या वर्षी नेम लागलेला असेल तर फ्रीझरमध्ये एल्कचं मांस असतंच. 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 23 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी. वजन उतरवणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं! तूप-लोणी न घालता ते मऊ शिजवणं मात्र जमावं लागतं. चरबी नसल्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली की त्याचं चामडं होतं.

मेपासून सॅक पाठीवर चढते. पहिल्या आठवड्यांत आठ-दहा किलो, मग दर पंधरवड्याला दोन-तीन किलोंची भर. हे आठवड्यातून एक-दोनदाच, कारण ओझ्याने थकलेल्या गुडघ्यांना आणि पाठीला सावरायला वेळ लागतो. अधल्यामधल्या दिवसांत साधं चालणं, सायकल आणि गुडघ्याएवढ्या लाकडी खोक्यावर चढणं-उतरणं चालतं. सॅक भरण्यातही शहाणपण लागतं. जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला यायला हवी. ती खाली लोंबली तर माणूस मागे ओढला जातो आणि पुढे वाकून चालतो. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला की ओझ्याचा मोठा वाटा पायांकडे जातो आणि खांदे मोकळे होतात. गोणी पाठीवर टाकण्यापूर्वी कमरेला फडकं आवळणाऱ्या हमालाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

पाण्याच्या कॅनची युक्ती गिर्यारोहकांकडून आली आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे ओझं हवं तेवढं मोजून भरता येतं. वर पोचल्यावर पाणी ओतून द्यायचं आणि हलक्या पाठीने उतरायचं. यात गुडघे वाचतात. वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये गुडघ्याचा संधिवात असलेल्या वजनदार वयस्कांचा अभ्यास मांडला होता. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो, असं त्यांना आढळलं. हा हिशेब उलट बाजूने वाचला तर भरली सॅक घेऊन उतरताना गुडघ्यांना काय सोसावं लागत असेल, हे कळतं.

पण जुलैअखेर पाणी ओतणं थांबवावं लागतं. शिकारीत मांस बहुतेक वेळा वरून खालीच आणायचं असतं. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला जोर लावून शरीर अडवावं लागतं. या कामाची सवय नसेल तर त्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र पाय असे भरून येतात की बसलेल्या माणसाला उठवत नाही. सिंहगड पहिल्यांदा उतरलेल्या कुणालाही हे माहीत आहे. यावर औषध एकच. तसाच उतार, तसंच ओझं, थोडं थोडं करून आधीच अंगवळणी पाडायचं. म्हणून ऑगस्टमध्ये काहीजण वीस-पंचवीस किलो घेऊन चढतात आणि तेवढंच घेऊन उतरतात.

आपली तयारी कुठवर आली, हे पाहायला अनेकजण अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्या जवानांची कसोटी उसनी घेतात. पाठीवर 20 किलो घेऊन 4.8 किलोमीटर 45 मिनिटांत चालायचं, धावायचं नाही. वाचताना सोपी वाटते, पण तिसऱ्या किलोमीटरला पोटऱ्या बोलू लागतात. महाराष्ट्रात वनरक्षकाच्या भरतीत पुरुष उमेदवाराला चार तासांत 25 किलोमीटर आणि महिला उमेदवाराला 16 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. एकीकडे आग, दुसरीकडे गस्त, पण रान माणसाची परीक्षा दोन्हीकडे पायांवरच घेतं.

या जगातही टोकाची माणसं आहेत. ओरेगनचा धनुर्धारी शिकारी कॅमेरॉन हेन्स 200 मैलांहून लांबच्या शर्यती धावतो आणि जड दगड खांद्यावर घेऊन डोंगर चढतो. त्याचे व्हिडिओ पाहून अनेकजण पहिल्याच आठवड्यात कंबर धरून बसतात. नोकरी, मुलं आणि पन्नाशीचे गुडघे सांभाळणाऱ्याला तो रस्ता परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही.

ताकद कमी पडण्यापेक्षा मोठा धोका छातीत दडलेला असतो. मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीला गेलेल्या 25 पुरुषांच्या हृदयाचे ठोके शिकार चालू असतानाच नोंदवले गेले. 2007 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहा जणांच्या हृदयाची गती दवाखान्यातल्या ट्रेडमिलवर गाठलेल्या कमाल गतीच्याही पुढे गेली होती. चढ, थंडी, जड कपडे, मेलेलं हरीण ओढून आणणं आणि सावज दिसल्याचा थरार, हे सगळं एकदमच येतं. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने हंगामाआधी डॉक्टरकडून हृदय तपासून घ्यावं, हा सल्ला म्हणूनच कोरडा उपदेश ठरत नाही.

नेमाचा सरावही दमलेल्या अंगानेच करायचा असतो. आधुनिक कंपाउंड धनुष्य ओढायला साधारण 27 ते 32 किलोंचा जोर लागतो. दोरी पूर्ण मागे आली की चाकांच्या रचनेमुळे हातावर त्याचा पाचवा हिस्साच उरतो. शांतपणे उभं राहून हे कुणीही करील. पण खरा एल्क दिसतो तो आपण चढावर धावत आल्यावर, नाडी दीडशेवर असताना. म्हणून परसात आधी पळायचं किंवा जोर काढायचे, लगेच धनुष्य उचलायचं, श्वास निम्मा सोडून थांबवायचा आणि मगच बाण सोडायचा, असा सराव चालतो. बाण चुकला तर फक्त सावज जात नाही. जखमी जनावर पळतं आणि त्याचा माग काढत शिकाऱ्याला रात्र काढावी लागते.

एवढं करूनही एका गोष्टीपुढे घाम कामाला येत नाही. 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. टेक्सास किंवा फ्लोरिडातून विमानाने येऊन दुसऱ्याच पहाटे डोंगर चढणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड गाठते. शरीर कितीही कमावलेलं असलं तरी उंचीचा त्रास टळत नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने वर जातो आणि लवकर सापडतो. उपाय जुनाच आहे. दोन दिवस आधी यायचं, मधल्या उंचीवर झोपायचं, पाणी पीत राहायचं, आणि त्रास वाढला तर हट्ट न करता खाली उतरायचं. कोलोरॅडोच्या शिकार परवान्याच्या शुल्कातले काही सेंट शोध-बचाव निधीत जातात, ते अशाच प्रसंगांसाठी.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रानात एल्कच्या नराची शीळ घुमू लागते. जिन्यावरचे ते गडी तेव्हा पहाटे अंधारात तंबूबाहेर पडतात. वजनकाटा घरी राहिलेला असतो, पँटचा पट्टा दोन भोकं आत सरकलेला असतो आणि सॅकच्या तळाशी मांसासाठीच्या कापडी पिशव्या घडी करून ठेवलेल्या असतात. कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणाऱ्यांपैकी साधारण पाचांत एकालाच जनावर मिळतं. बाकीच्या चौघांच्या पिशव्या घडी न मोडता परत येतात. त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा पुढची एकच तारीख असते, एप्रिलचा पहिला मंगळवार.