तळहातावरचे दशावतार

आचऱ्याच्या मुलांना संकासुर चांगला परिचयाचा असतो. दशावतारी नाटकात तो वेद पळवितो आणि विष्णूच्या हातून मरतो. पुराणात या कामासाठी विष्णूने मत्स्यावतार घेतला. तोच मत्स्य त्याच जिल्ह्यातील सावंतवाडीस तळहातात मावेल एवढ्या वाटोळ्या पानावर रंगविलेला पाहावयास मिळतो. हे पान म्हणजे दशावतारी गंजिफेतील एक राजा होय.

गंजिफा हा पत्त्यांचाच जुना प्रकार. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. कूर्माच्या दश्शीवर दहा कासवे काढावी लागतात, तीही एवढ्याशा जागेत!

चितारी चिंचोक्यांच्या खळीने थर चिकटवितो, घोटून गुळगुळीत करतो, वाटोळी पाने कापतो आणि रंग भरून वर लाखेचा हात देतो. चित्राइतकेच पाठीलाही जपावे लागते. १२० पाठी हुबेहूब सारख्या हव्यात. एकीवर रंगाचा थेंब राहिला, की खेळणारे ते पान ओळखतात आणि डाव फुकट जातो.

छापील पत्ते स्वस्त झाले, तसे हे काम मागे पडले. १९७० च्या सुमारास जाणते चितारी फारच थोडे उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली. तेथे आजही गंजिफा रंगविली जाते. ती खेळू जाणणारे मात्र विरळाच. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, तो डाव सुरू करतो. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा.