घराचा कार्बन-हिशेब

प्रत्येक कुटुंबाला आपल्या घराचा जमाखर्च ठाऊक असतो. दूध किती लागले, किराणा किती झाला, विजेचे बिल गेल्या महिन्याहून का वाढले, हे गृहिणी बोटांवर सांगू शकते. परंतु त्याच घरापायी दर वर्षी किती कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, असे विचारले तर भल्याभल्यांना उत्तर देता येणार नाही. यात कोणाचा दोष नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणत, तो हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि त्याचे बिल कोणी दारी आणून देत नाही. ते बिल तयार करणे आणि ते कशाने कमी होईल याचा शोध घेणे, हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. ते काम करणाऱ्याला संशोधन-विश्लेषक म्हणतात. त्याच्या कामाची ओळख करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

बेंगळुरूच्या पूर्वेस, जुना विमानतळ रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, तेथे मारतहळ्ळी हे उपनगर वसले आहे. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडे. हे नाव ऐकताच मराठी माणसाला मराठ्यांची आठवण होते. दुसरे कोणी त्याचा संबंध १९६१ साली याच परिसरातून प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडतात. नाव कसेही पडलेले असो, तेथे आता खेडे उरलेले नाही. उंच इमारती, कचेऱ्या आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे हेच तेथील दृश्य आहे. या पट्ट्यातील कचेऱ्यांतून जगभरच्या संस्थांची कामे चालतात आणि घरांचा कार्बन मोजणे हे त्यांपैकीच एक.

या कामात एक गंमतीची विसंगती आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा अशी सौम्य की घर उबदार ठेवण्यासाठी कोणालाही शेगडी पेटवावी लागत नाही. आणि अशा गावात बसून विश्लेषक हिशेब करतो तो बहुधा ब्रिटनसारख्या थंड देशातील घरांचा, जेथे हिवाळ्यात घर तापवणे हाच ऊर्जेचा सर्वांत मोठा खर्च असतो. त्याने ती घरे पाहिलेली नसतात. तो त्यांना ओळखतो ते कागदावरून. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून टप्प्याटप्प्याने घरांना ऊर्जा-प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. घर कोणत्या काळातील, भिंत भरीव विटांची की मध्ये पोकळी असलेली, छताखाली उष्णतारोधक थर किती जाड, खिडकीला काच एकेरी की दुहेरी, ही माहिती त्यात नोंदलेली असते. त्यावरून घरातून किती उष्णता निसटते याचे गणित मांडता येते.

हे गणित मुळात अवघड नाही. भिंतीचे क्षेत्रफळ, आतील व बाहेरील तापमानांतील फरक आणि भिंतीतून उष्णता किती सहज जाते हे सांगणारा एक अंक, या तिघांचा गुणाकार करावयाचा. समजा, घराच्या बाहेरील भिंती एकूण १०० चौरस मीटर आहेत आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक आहे. जुन्या भरीव विटांच्या भिंतीसाठी तो अंक १.७ धरला, तर क्षणोक्षणी सुमारे २,५५० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे एक मोठी विजेची शेगडी अखंड रस्त्यावर पेटत ठेवल्यासारखेच झाले. त्याच भिंतीला रोधक थर लावून तो अंक ०.३ वर आणला, की गळती ४५० वॅटवर येते. घराचा कार्बन कमी करण्याचा पहिला मार्ग हा असा साधा आहे. फुटक्या घागरीत पाणी ओतत राहण्याआधी घागर सांधावी, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

दुसरा मार्ग साधनाचा. ब्रिटनमधील बहुसंख्य घरे नळाने येणाऱ्या गॅसवर तापतात. तेथील ऊर्जा-नियामकाने २०२३ मध्ये मध्यम वापराच्या घरासाठी वर्षाला ११,५०० युनिट गॅस हा आकडा धरला होता. एका युनिटमागे सुमारे ०.१८ किलो या हिशेबाने वर्षाचा कार्बन डायऑक्साइड दोन टनांहून थोडा अधिक होतो. याला पर्याय म्हणून हीट पंप सुचवला जातो. हे यंत्र म्हणजे उलटा बसवलेला शीतकपाटच समजा. शीतकपाट आतली उष्णता काढून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतील उष्णता शोषून घरात सोडतो. तो उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून आणतो. म्हणून एका युनिट विजेवर साधारणतः तीन युनिट उष्णता मिळते. आपल्या घराला बॉयलरमधील नुकसान वजा जाता सुमारे ९,८०० युनिट उष्णता हवी, तर हीट पंपाला सुमारे ३,२६० युनिट वीज पुरेल. ब्रिटनची वीज एका युनिटमागे सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे वर्षाला साधारण ६५० किलो. दोन टनांवरून पाऊण टनाच्याही खाली.

आता हेच यंत्र, तेवढ्याच वापराने, आपल्या देशाच्या विजेवर चालवले तर? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे भारतातील वीज एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशापासून होते. ३,२६० युनिटांचे होतात सुमारे २,३५० किलो, म्हणजे गॅसहूनही अधिक! यंत्र तेच, घर तेच, केवळ तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जळते हे बदलले, आणि पुण्याचे पाप झाले. यावरून श्रोत्यांच्या ध्यानात येईल की अमुक साधन हरित आणि तमुक साधन मलिन, असा निकाल दुकानातल्या पाटीवरून देता येत नाही.

कोणी म्हणेल, कर्नाटकात पावगड्यासारखी प्रचंड सौर उद्याने आहेत. मग तेथील विजेला कोळशाचा दोष का लावावा? त्याचे कारण आपल्या सोलापुराशी निगडित आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे विद्युतजाळे उर्वरित देशाशी एकजीव झाले. तेव्हापासून सारा देश एकाच जाळ्यावर आहे. मारतहळ्ळीतला दिवा आणि नागपुरातला पंखा यांची वीज आता निरनिराळी करता येत नाही. म्हणून हिशेबात साऱ्या देशाची सरासरीच धरणे रास्त ठरते.

मग भारतीय घराचा हिशेब कसा होतो? प्रथम स्नानाचे पाणी घेऊ. चौघांच्या कुटुंबाला रोज १०० लिटर पाणी २३ अंशांनी तापवावे लागले, तर सुमारे २.७ युनिट वीज लागते. वर्षाचे होतात ९८० युनिट आणि सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड. हेच काम गच्चीवरचा सौर बंब जवळजवळ फुकट करतो. कर्नाटकाने २००७ मध्ये ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचे केले आणि ते वापरणाऱ्यास वीजबिलात सूटही दिली. बेंगळुरूच्या गच्च्यांवर आज जे बंब दिसतात, त्यांत या धोरणाचा वाटा आहे.

स्वयंपाकाचा हिशेब मात्र चकवणारा आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधील गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढाच स्वयंपाक विजेच्या इंडक्शन शेगडीवर केला, तर साधारण १४० युनिट वीज लागते आणि आजच्या सरासरीने तिचे १०० किलो होतात. म्हणजे केवळ कार्बनच्या दृष्टीने गॅस सोडून वीज धरण्यात तूर्त लाभ नाही. परंतु त्याच घराच्या गच्चीवर सौर पट्ट्या असतील आणि दुपारचा स्वयंपाक त्यांच्या विजेवर होत असेल, तर निकाल पुन्हा फिरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांवर अशा पट्ट्या बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. देशाची वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतसा इंडक्शनचा आकडाही खाली येत जाईल. आजचा निर्णय हा आजच्या आकड्याने आणि उद्याच्या अंदाजाने, अशा दोन्ही तराजूंत तोलावा लागतो.

काही गोष्टी बिलात दिसतही नाहीत. जुन्या वातानुकूलन यंत्रांतील आर-२२ या वायूची तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. एक किलो वायू दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडून दिला, तर आपल्या चौघांच्या कुटुंबाने अडीच वर्षे विजेवर पाणी तापवल्याइतका परिणाम एका दुपारी होतो. तसेच सिमेंटचे. चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू निघतो. भट्टीचे इंधन वेगळे. घरात राहावयास जाण्यापूर्वीच घराच्या खाती मोठी रक्कम नावे पडलेली असते. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तेथे थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांवर दीर्घकाळ संशोधन झाले. आज कार्बन-हिशेबाच्या संदर्भात जे बोलले जाते, त्याचा पाया त्या काळी इंधनटंचाईच्या चिंतेतून घातला गेला होता.

येथपर्यंतचे सारे गणित झाले. परंतु या व्यवसायाची खरी कसोटी गणितापलीकडे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतील घरांच्या गणिती आणि प्रत्यक्ष ऊर्जावापराची तुलना करण्यात आली. गणितापेक्षा प्रत्यक्ष वापर सरासरी सुमारे ३० टक्के कमी निघाला आणि जेवढे घर अधिक गळके, तेवढी ही तफावत मोठी. कारण उघड आहे. गळके घर पुरेसे तापवणे परवडत नाही, म्हणून माणसे एकच खोली तापवतात, अंगावर लोकरीचे कपडे चढवतात, थंडी सोसतात. आता विश्लेषकाने अशा कुटुंबाला सांगितले की एवढा खर्च करा, तुमचे इतके पैसे वाचतील, तर ते वचन खोटे ठरण्याचा संभव असतो. जो गॅस जळलाच नव्हता तो वाचणार कोठून? दुरुस्तीनंतर त्या कुटुंबाला मिळते ती ऊब. ती अनमोल आहे, परंतु ती बचतीच्या रकान्यात बसत नाही.

हाच प्रश्न आपल्याकडे निराळ्या रूपात उभा राहतो. ज्या झोपडीत एकच दिवा आहे, तिचा कार्बन अत्यल्प असतो. ते आदर्श घर म्हणावयाचे काय? चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बाईला २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर मिळाला, तेव्हा तिच्या घरच्या खात्यात खनिज इंधनाची नवी नोंद झाली. तरीही कोणताही विचारी मनुष्य त्या नोंदीला अधोगती म्हणणार नाही. थोडक्यात, कमी कार्बन हा सद्गुण असू शकतो, तसेच ते दारिद्र्याचे चिन्हही असू शकते. आकडा या दोहोंत भेद करीत नाही. तो भेद करणे हे आकडा मांडणाऱ्याचे कर्तव्य आहे.

म्हणून चांगल्या विश्लेषकाची ओळख अशी की तो उत्तराशेजारी आपली गृहीतके लिहून ठेवतो: वीज कोणत्या वर्षाची धरली, घरात माणसे किती मानली, तापमान कोणते कल्पिले. ती गृहीतके दडवली, तर विक्रेत्याला हवे ते उत्तर काढता येते आणि भुर्दंड पडतो तो दूरच्या एखाद्या कुटुंबाला, ज्याने या आकड्यावर विसंबून आयुष्याची पुंजी भिंतीत घातलेली असते.

श्रोत्यांनाही हा हिशेब घरी करून पाहता येईल. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरील युनिटांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणावे. वर्षात संपलेल्या सिलिंडरांना ४२ ने गुणावे. दोन्हींची बेरीज घ्यावी. १,२०० युनिट आणि आठ सिलिंडर असतील, तर उत्तर सुमारे १,२०० किलो येईल. त्याला घरातील माणसांच्या संख्येने भागावे. मग त्या आकड्यात गरजेचे किती आणि केवळ सवयीचे किती, हे ठरवावे. ही शेवटची वजाबाकी मात्र मारतहळ्ळीतल्या कोणत्याही संगणकाला करता येणार नाही. ती ज्याची त्यानेच करावयाची आहे.