उघड्या बॉनेटची गाडी

जुलैची झड लागली की आमची पद्मिनी सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची. स्टार्टर फिरायचा, इंजिन घरघरायचं, पण पेटायचं नाही. मग वडील बॉनेट उघडून कोरडं फडकं घेत. डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढून ती आतून पुसत, प्लगच्या वायरी एकेक करून फडक्यातून ओढून घेत आणि टोपीच्या दोन्ही क्लिपा खटकन लावत. पुढच्या खेपेला इंजिन हमखास धडधडायला लागायचं.

तेव्हा मला ती किमया वाटे. कारण पुढे कळलं, आणि ते कळल्यावर गाडीबद्दलचं प्रेम वाढलं. कॉइलमधून येणारा हजारो व्होल्टचा दाब टोपीतून प्लगकडे जायला निघे, पण टोपीत साचलेल्या ओलीवरून तो भलतीकडेच निसटून जाई. ओल पुसली की त्याला प्लगवाचून दुसरी वाट उरत नसे. बिघाड, त्याचं कारण आणि उपाय हे सगळं एका वीतभर जागेत डोळ्यांना दिसत होतं. घरच्या माणसाला गाडी कळायची ती अशी.

ही गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेली कंपनी, आणि कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकी गाड्यांची जुळणी होई, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल फियाट ११००ला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं. साठच्या दशकात चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून त्याच गाडीवर पद्मिनी हे नाव लागलं. आमच्या घरात आणि गॅरेजात मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

तिचं इंजिन १,०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. ही मापं फियाटच्या १९३७ सालच्या गाडीतली आहेत, आणि त्याच मापांचं इंजिन कुर्ल्यात नव्वदच्या दशकातही बनत होतं. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर हा अन्यायच होता. दुसरी गाडी बाजारात जवळपास नव्हतीच, आणि जी होती तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पण एकच इंजिन इतकी दशकं रस्त्यावर राहिल्यामुळे मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांना ते तोंडपाठ झालं. बापाने उघडलेलं इंजिन मुलानेही उघडलं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचा सुटा भाग मागताना भागाचं नावसुद्धा घ्यावं लागत नसे. जुना तुकडा काउंटरवर ठेवला की नवा समोर येई.

आमच्या मिस्त्रींचं गॅरेज पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आत जेमतेम दोन गाड्या मावत, बाकीच्या रस्त्यावर. भिंतीवर पाने टांगलेले, आणि ज्याची त्याची जागा ठरलेली. हाताखालच्या पोराला आधी पाने ओळखायला शिकावं लागे. फियाटचे नट मिलिमीटरचे आणि अ‍ॅम्बॅसिडरचे इंचाचे. चुकीचा पाना लागला की नटाचे कोपरे घासून गोल होतात, मग तो नट सोडवण्यात सकाळ जाते. म्हणून "तेरा दे" म्हटल्यावर न बघता हातात तेराचाच पाना ठेवणारा पोरगा सहा महिन्यांत तयार झालेला दिसे.

या मिस्त्रींकडून मी जे पाहिलं ते इतर कुठल्याही शाळेत इतक्या स्वच्छपणे पाहायला मिळालं नाही. गाडी 'मिसिंग' करतेय, म्हणजे चारातला एक सिलिंडर काम करत नाही, अशी तक्रार घेऊन आपण जायचं. मिस्त्री इंजिन सुरू ठेवत, हाताला जाड कोरडं फडकं गुंडाळत आणि प्लगच्या वायरी एकेक करून उपसत. पहिली काढली की इंजिन लंगडायचं, म्हणजे तो सिलिंडर चांगला. दुसरी काढली, पुन्हा लंगडायचं. तिसरी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तोच आळशी. पण तिथे ते थांबत नसत. तिसऱ्याचा प्लग पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला लावत. खोड प्लगाबरोबर पहिल्यावर गेली तर प्लग बाद. तिसऱ्यावरच राहिली तर प्लग निर्दोष, मग वायर बघायची, मग टोपी, मग टॅपेट, आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने, हेड उघडायचं. "साहेब, काय बिघडलंय ते मागाहून बघू. काय नाही बिघडलं ते आधी ठरवू," असं ते वडिलांना सांगत. स्वस्त आणि सोपं ते आधी तपासायचं, महाग ते शेवटी. पैसा गाडीवाल्याचा जाणार होता आणि त्याची चाड मिस्त्रींना होती.

काढलेला प्लग ते फेकत नसत. त्याचं टोक उजेडात धरून मला दाखवत. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे कार्बोरेटर बघा किंवा चोक अर्धवट अडकलाय का ते बघा. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय, रिंगांची चौकशी करा. पांढुरकं असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. एवढ्याशा चिनीमातीच्या तुकड्यावर त्या सिलिंडरची सगळी कुंडली लिहिलेली असते. पेट्रोलच्या इंजिनात ती आजही तशीच वाचता येते.

पॉइंटचं काम तर मला घड्याळजीच्या कामासारखं वाटे. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटे संपर्क असतात. मधला दांडा फिरताना ते उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो, आणि तो तुटण्याच्या क्षणीच कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात ठिणगीपुरता दाब उसळतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने, १,५०० फेरे घेतो, आणि दर फेऱ्याला पॉइंट चारदा उघडतात. म्हणजे सेकंदाला १०० वेळा. इतकी उघडझाप करणाऱ्या संपर्कांना खड्डे पडणारच. ते बारीक पॉलिश पेपरने साफ करायचे आणि मधली फट फिलर गेजने लावायची, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. फट बदलली की ठिणगीची वेळ सरकते, गाडीचा पिकअप जातो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. वडिलांनी हे काम मिस्त्रींकडून शिकून घेतलं होतं. रविवारी सकाळी अंगणात, चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून ते फिलर गेजची पाती त्या फटीत सरकवत. पाती अगदी किंचित अडखळत निघाली पाहिजे. ते अडखळणं बोटाला कळावं लागतं. त्यांनी माझं बोट धरून ते मला कळवलं.

पुण्याहून मुंबईला जाताना-येताना खरी परीक्षा घाटात होई. मे महिन्यात खंडाळ्याच्या चढावर पुढे ट्रकांची रांग लागली आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायला लागली की ती एकाएकी बंद पडे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. तो इतका तापे की आतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ढकलायला बनवलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटी आणि शेजारी पाण्याची बाटली घेतलेली माणसं हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या पंपाची जागा आजही सांगता येईल. उतारावर काळजी वेगळी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते सतत दाबून तापवले की पकडच सोडतात. म्हणून ज्या गिअरवर घाट चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हे गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगे. आजच्या डिस्क ब्रेकच्या गाडीलाही हा नियम लागू आहे, आणि तो विसरलेली माणसं घाटात जळक्या वासाने ओळखू येतात.

एकदा मिस्त्री गावी गेले होते आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं. दुसऱ्या एका गॅरेजने स्टार्टर मोटर काढली, नवे कार्बन घातले, बुश बदलले आणि बरेच पैसे घेतले. दोन दिवसांनी पुन्हा तेच 'टक'. मग नवी बॅटरी सुचवण्यात आली. वडिलांनी हात जोडले आणि मिस्त्रींची वाट पाहिली. मिस्त्री आले, बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला त्यांनी एक जाड केबल लावली आणि म्हणाले, "मारा." गाडी लागली. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून निम्मी झाली होती. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी गेली की मोटरकडे आलेल्या प्रवाहाला परतीचा रस्ताच राहत नाही. मोटर चांगली होती, बॅटरीही चांगली होती. पट्टीला फार तर एका थाळीचे पैसे पडले. त्या पहिल्या गॅरेजवर मला आजही राग आहे. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण तपासण्याआधी त्यांनी बदललं, आणि या धंद्यात मला ती चूक सगळ्यात मोठी वाटते.

ती खोड आज वाढली आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, डिस्ट्रिब्युटर गेला. ते जायलाच हवे होते. फियाटच्या धुराने मुंबईची हवा काय केली होती ते मी विसरलेलो नाही. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर समोर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, आणि पुष्कळ मालक ते पाहून बॉनेट पुन्हा खाली घेतात. तेवढं करू नये. त्या झाकणाभोवती घरच्या माणसाची कामं अजून शिल्लक आहेत.

ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी हळूहळू उतरत असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका, पॅड झिजत आले असण्याचा तो निरोप असतो. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्यामागे ऑइल जातं. ऑइल झपाट्याने उतरलं तर गळती आहे, गाडी हलवूच नका. कूलंटची पातळी गार इंजिनावर बाहेरच्या टाकीत बघा, गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. टायरची हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी मोजा. साधा मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला तर बॅटरीकडे लक्ष द्या. आणि एक कळकळीने सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. खाली स्टँड लावा, चाकांना अडण्या द्या, मगच डोकं आत घाला. जॅक सटकायला वेळ लागत नाही.

बाकी बिघाडांसाठी आता स्कॅनर आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो लावला की गाडीचा संगणक आपली तक्रार एका कोडमध्ये सांगतो. या कोडची भीती वाटण्याचं कारण नाही, आणि त्यावर आंधळा विश्वास ठेवण्याचंही नाही. 'पी ०३०१' याचा अर्थ एवढाच की पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय. तो प्लगामुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की व्हॉल्व्हमुळे, हे कोड सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र कोड वाचला की लगेच कॉइल बदलायची, नाही जमलं तर इंजेक्टर बदलायचा, आणि बिल वाढत जायचं असं चालतं.

मिस्त्रींचं गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो. त्याने आयटीआय केलंय, स्कॅनर घेतलाय, शेडला शटर बसवलंय. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी लंगडायला लागली म्हणून नेली. त्याने कोड वाचला, पी ०३०१. तो पुसून टाकला. मग दहाचा पाना मागवला, प्लॅस्टिकचं झाकण उचललं, पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली आणि दुसऱ्याची पहिल्यावर. प्लगला हात लावला नाही. "काका, जरा चक्कर मारून या," म्हणाला. मी स्वारगेटपर्यंत जाऊन परत आलो. त्याने स्कॅनर पुन्हा लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पी ०३०२.