दोन फेऱ्यांचा निवाडा

पहाटेचे सव्वापाच वाजलेत. परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला लागून असलेल्या मैदानावर फक्कीच्या रेषा नुकत्या दिसू लागल्यात. काल दुपारी पारा ४३ अंशांवर होता आणि रात्रभर झाडाचं पान हललेलं नाही. भरतीची पोरं येतायत. कुणी एका मोटरसायकलवर तिघं, कुणी चालत. थंडीत हीच पोरं फाटकापासून पळत आत शिरायची. आज येतायत ती पाय ओढत, आणि आल्या आल्या कट्ट्यावर बसकण मारतायत.

फौजी सर सगळं बघतायत, पण बोलत नाहीत. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज पहाटे पोलीस भरतीच्या पोरापोरींचं मैदान घेतो. मी आपला हौशी. जानेवारीतल्या मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनवर डोळा ठेवून यांच्या मागं मागं धावणारा. म्हणून शिस्त मलाही लागू.

"सर, आज नुसतं गळून गेल्यागत वाटायलंय," निळ्या बनियनमधला पोरगा म्हणतो.

"मलाबी. पायच उचलंनात."

"बरं," सर म्हणतात. "दोन फेऱ्या मारा. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या हळू. मग सांगा."

हा त्यांचा उन्हाळ्याचा नियम. कंटाळा आणि थकवा कट्ट्यावर बसलेले असताना सारखेच दिसतात. मैदानात उतरवल्याशिवाय ओळखू येत नाहीत. दोन फेऱ्यांनंतर अंग मोकळं झालं, तर तो कंटाळा होता, पुढचं पळायचं. अंग आणखी जड झालं, तर तो थकवा. त्या दिवशी पळणं बंद. गेल्या महिन्यापासून सरांच्या गळ्यातलं स्टॉपवॉचही खिशात गेलंय.

आम्ही निघतो. पहिल्या फेरीतच कपाळावरचा घाम भुवईत उतरतो. हवा अशी की श्वास घेतला तरी आत गार काही जात नाही. माझ्या पुढं पळणाऱ्या पोराच्या काळ्या टी-शर्टवर खांद्याखाली पांढरे नकाशे उमटलेत. कालच्या घामातलं मीठ, शर्ट न धुता आज परत अंगात. थंडीत या वेगाला माझ्या तोंडात गाणं असतं. आज वाक्य अर्ध्यावर तुटतंय. उन्हाळ्यात रक्ताला दोन कामं असतात. पायांना प्राणवायू पोचवायचा आणि अंगातली उष्णता कातडीपर्यंत आणून बाहेर टाकायची. त्यात घाम गेला की रक्तातलं पाणीही उतरतं. मग जुन्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढतात आणि पळणाऱ्याला वाटतं, आपली तयारीच गेली.

दोन फेऱ्या होतात. सगळे लिंबाच्या झाडाखाली.

"बोला."

निळा बनियन कानामागं खाजवतो. "आता बरं वाटायलंय, सर."

"रात्री मोबाइल किती वाजेपर्यंत?"

पोरं हसतात. त्याचा निवाडा झाला. माझाही तोच निघतो. घरून निघताना गुडघा दुखत होता, तो आता कुठला ते सापडत नाही.

पण त्याच्या शेजारचा, अंगानं रोड पोरगा खाली बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही. ओठ कोरडे पडलेत. लग्नसराई आहे, रात्री एक वाजेपर्यंत तो मंगल कार्यालयात पंगतीला वाढत होता. पाण्याच्या बाटल्या उचलल्या, भांडी टेम्पोत भरली, घरी जाऊन पाठ टेकली तोवर तीन.

"मग आलास कशाला?"

"गैरहजेरी लागंल म्हणून."

सर स्वतःच्या पिशवीतली बाटली त्याच्या हातात देतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. "घोटघोट पी. एकदम नको." मग स्वतःची दस्ती नळाखाली भिजवून त्याच्या मानेवर टाकतात आणि झाडाच्या बुंध्याकडं बोट दाखवतात. "तिथं झोप. हजेरी लावलीय तुझी."

आता एक मुलगी उरते. वेणी घट्ट आवळलेली, नजर जमिनीवर. तिचं रडगाणं नाही. पोरींमध्ये एक दिवसही न चुकवणारी ती एकटीच. मुलींना आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस गुण. मुलांना सोळाशेसाठी तोच हिशेब पाच मिनिटं दहा सेकंदांचा. मैदानाचे एकूण गुण ५०, त्यात एकट्या या धावण्याचे २०. हिचं आठशे थंडीत तीन मिनिटांवर आलं होतं. आता तिथून मागं मागं चाललंय.

"सकाळची नाडी?"

"अठ्ठ्याऐंशी."

अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मोजायची आणि वहीत लिहायची, ही सगळ्यांची सवय. तिच्या वहीत मार्चमध्ये बहात्तर-चौऱ्याहत्तर दिसतायत. गेले दोन आठवडे आकडा वरच.

"जिना चढताना दम लागतो?"

ती मान हलवते. सर तिच्या मैत्रिणीला पुढं बोलावतात. मैत्रीण तिची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढते. आता उजेड पुरेसा आहे. आतली कड लाल हवी ती फिकट, जवळजवळ पांढरी.

"दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन बघून ये. बाराच्या खाली असलं तर गोळ्या डॉक्टरच देतील. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नको. गोळीवर चहा प्यायचा नाही, लिंबू चालतं."

"आणि प्रॅक्टिस, सर?"

"रिपोर्ट येईपर्यंत चालायचं."

"मागं पडीन मी."

"मागं तू आताच पडायलीस, रोज पळून."

ती गप्प होते. तिला ते पटलंय की लागलंय, कळत नाही.

बाकीच्यांसाठी आजचा बेत छोटा. सावलीच्या कडेनं दोनशे मीटरचे सहा तुकडे, परत येताना चालत. सोळाशे सलग कुणी मारायचं नाही. साडेसहाला ऊन मैदानावर उतरतं आणि सर शिट्टी वाजवतात. दोन दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका पोराला अजून दोन तुकडे मारायचेत. सर त्याला दंडाला धरून बाजूला घेतात. या उन्हाची सवय व्हायला अंगाला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर घाम उशिरा सुटतो आणि ताप लवकर चढतो. "तू पंधरा दिवस यांच्या निम्मं पळायचं," ते सांगतात. पोराला ते अपमानासारखं वाटतंय, तोंडावर दिसतंय.

सगळे कट्ट्यावर. भिजवलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा डबा फिरतोय. तेवढ्यात निळा बनियन सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकतो.

"सर, पण जाहिरात निघणार कधी?"

एकदम शांतता. दुखणं उन्हाचं आहेच, पण अर्धं दुखणं हे आहे. भरतीची तारीख जाहीर झाली की हीच पोरं भर उन्हातही पळायला तयार होतात. तारीख नसली की पंख्याखालचं अंथरूण सुटत नाही. आज नाही पळालो तर कुणाचं काय बिघडलं, या प्रश्नाला सध्या कुणाकडं उत्तर नाही. घरचे विचारतात, शेजारी विचारतात, आणि पोरं व्हॉट्सॲपवर फिरणारी खोटी परिपत्रकं उघडून बघतात.

सर हजेरीची वही काढतात. कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहितात : ८ जून.

"मृग लागला की आपलं मैदान. सोळाशे, आठशे, गोळा, शंभर मीटर. घड्याळ लावून, छातीला नंबर लावून, भरतीत घेतात तसंच. गुण मी लिहिणार. तोवर कुणी टायमिंग विचारायचं नाही."

"पाऊस नाही आला तर?"

"पावसाचं पाऊस बघंल. सही करा."

वही फिरते. वेणीवाली दुसऱ्याच नंबरला सही करते आणि खाली बारीक अक्षरात लिहिते, 'रिपोर्ट बघून'. झाडाखालच्या पोराला उठवायला कुणीतरी निघतं.

"झोपू दे त्याला. उठल्यावर करील."

निळा बनियन वही माझ्यापुढं सरकवतो. "काका, तुम्हीपण. किती किलोमीटर?"

मी नावापुढं १० लिहितो. सर माझ्या खांद्यावरून वाकतात, पेन घेतात, दहा खोडतात आणि ५ करतात.

"जूनला पाच. दहाचं ऑगस्टात बघू."