दंड माफ करण्याचा अधिकार कोणाला?

लालबागचा गाळा असो, परळचे शिवणकामाचे दुकान असो की गिरगावातली खोली, जुन्या खरेदीचा करारनामा पुष्कळदा कमी रकमेच्या स्टॅम्पवर केलेला आढळतो. बँकेचे कर्ज काढताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना तो कागद बाहेर येतो. मग दलाल सांगतो, "साहेबांशी बोलून सगळे माफ करून देतो." आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी त्याच्या हातावर पैसे ठेवण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा, यासाठी हा प्रपंच.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 प्रमाणे कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा 2 टक्के दंड बसतो. तो कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपलीकडे जात नाही. म्हणजे 50 हजार रुपये कमी भरले असतील तर दरमहा 1 हजार आणि जास्तीत जास्त 2 लाख रुपये दंड. मूळचे 50 हजार वेगळेच. शिवाय कलम 34 प्रमाणे असा कागद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. भाऊबंदकीत वाद उभा राहिला तर नुकसान दंडापेक्षा मोठे होते.

आता माफीचे पाहू. मूळ शुल्क कमी करण्याचा अधिकार कलम 9 खाली राज्य सरकारचा आहे आणि तो राजपत्रातील आदेशाने वापरला जातो. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत खरेदीवरील शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आले, ते याच मार्गाने. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याला स्वतःच्या मर्जीने शुल्क सोडता येत नाही.

दंडाबाबत मात्र कायद्यात वाट आहे. दस्त झाल्यापासून एका वर्षाच्या आत आपण होऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलो आणि चूक, अपघात किंवा निकडीमुळे शुल्क कमी पडले हे त्यांना पटले, तर कलम 40 प्रमाणे ते दंडाशिवाय फरक भरून घेऊ शकतात. वर्ष उलटले की ही सवलत गेली.

जुन्या कागदांसाठी सरकारने डिसेंबर 2023 मध्ये अभय योजना आणली. पहिल्या टप्प्यात 1980 ते 2000 च्या दस्तांवर 1 लाखापर्यंतचे शुल्क आणि दंड पूर्ण माफ होता. साध्या कागदावरील करारांना ती लागू नव्हती. ही योजना 2024 मध्ये संपली. आज तिच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर सावध राहा.

आमचा सल्ला असा: कपाटातला करारनामा आजच काढून पाहा. शंका असल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करा. आदेश मान्य नसेल तर 60 दिवसांत अपील करता येते. रक्कम सरकारी चलनानेच भरा आणि पावती जपून ठेवा. कागद अलीकडचा असेल तर दर महिन्याला दंड चढतो आहे, हे विसरू नका.