तेल खाणाऱ्या जिवाणूंची डीलरशिप: पैसे भरण्याआधी हे वाचा

गॅरेजच्या धंद्यावरचा व्हिडिओ पाहून मोर्शीकडच्या एका मुलाचा फोन आला. "सर, सांडलेलं तेल खाऊन टाकणाऱ्या बॅक्टेरियाची पावडर आहे. गॅरेजवाल्यांना विकायची. डीलरशिपला पन्नास हजार डिपॉझिट मागतात. भरू का?" पन्नास हजार म्हणजे त्याची सगळी जमा. म्हणून रिद्धपूरला दुकानात बसून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, असे जिवाणू खरंच असतात. दिल्लीच्या टेरी संस्थेत डॉ. बनवारी लाल यांच्या टीमने 'ऑइलझॅपर' तयार केलं. त्यात पाच प्रकारचे जिवाणू आहेत, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळलेले. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा किनाऱ्याच्या सफाईत ऑइलझॅपर वापरलं होतं.

पण भाऊ, इथंच मेख आहे. तेल खाणारे जिवाणू आपल्या मातीत आधीपासून असतातच, फक्त थोडे. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, म्हणजे त्यांचं खाद्य. तेल सांडलं की ते वाढायला लागतात आणि मग अडतात, कारण नुसत्या कार्बनवर पोट भरत नाही. नत्र, स्फुरद, हवा आणि ओल पाहिजे. शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, असा साधारण हिशेब धरतात. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजाचं तेल किनाऱ्यांवर पसरलं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी चक्क खत टाकलं. तिथल्याच जिवाणूंनी काम वेगात केलं.

आपल्या काळ्या मातीत मोठी अडचण हवेची. ओली झाली की चिकट, आत हवा जात नाही. म्हणून तेलकट माती उकरायची, कुटार मिसळायचं, थोडं खत, पाणी शिंपडून दर आठवड्याला उलटपालट. तरी काम महिन्यांचं आहे, दिवसांचं नाही. डांबरासारखा जड भाग सगळ्यात शेवटी जातो, काही राहूनही जातो. आणि जळालेल्या इंजिन ऑइलमधलं शिसं, जस्त कोणताच जिवाणू खाऊन संपवत नाही. "सगळं साफ" म्हणणाऱ्याला हे नक्की विचारा.

आता धंद्याचं बोलू. हा जिवंत माल आहे. सोयाबीनला लावायचं रायझोबियमचं पाकीट उन्हात राहिलं तर काय होतं, माहीत आहे ना? तसंच हे. वैशाखात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलं की डेड स्टॉक, शब्दशः डेड.

आणि गिऱ्हाईक कोण? गॅरेजवाला जमिनीवरच्या डागासाठी पैसे मोजत नाही. ट्रेमध्ये काढलेलं जुनं ऑइल तर २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं; पावडर टाकून मातीत जिरवायचं नाही. खरे ग्राहक रिफायनऱ्या, तेलविहिरी. तिथं काम टेंडरवर मिळतं, आधी आणि नंतर प्रयोगशाळेत मातीतलं तेल मोजतात. त्या बाजारात ओएनजीसी आणि टेरी यांची २००७ पासून स्वतःची संयुक्त कंपनी आहे. पन्नास हजारांचा डीलर तिथं कुठं उभा राहणार?

मी त्याला म्हटलं, तीन घमेली घे. तिन्हीत सारखीच तेलकट माती. एकाला काहीच करू नको. दुसऱ्यात चिमूटभर युरिया, थोडं सुपर फॉस्फेट, ओल आणि उलटपालट. तिसऱ्यात हेच सगळं, वर त्यांची पावडर. तीन महिन्यांनी तिन्ही नमुने लॅबला दे. वासावर जाऊ नको, वास आधी उडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक नसेल तर तू पन्नास हजारात भुकटी विकत घेतोयस.

कंपनीला त्याने उत्पादनाची तारीख आणि लॅब रिपोर्ट मागितला. "ऑफर रविवारपर्यंतच आहे," एवढंच उत्तर आलं. रविवार गेला. घमेली त्याच्या गोठ्यामागे सावलीत ठेवली आहेत.