मोबाईलच्या लहरी : वहम सोडा, खबरदारी घ्या

भिवंडीत आज सुताचा भाव मोबाईलवर ठरतो, ग्रे कापडाचा सौदाही मोबाईलवरच होतो. अकलोलीपासून शहरातल्या गोदामापर्यंत आम्हा व्यापाऱ्यांचा फोन कानाला असतो. तेव्हा त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींचा हिशेबही आपल्याला ठाऊक असावा.

या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एवढाच, की लगतचा शरीराचा भाग त्या किंचित गरम करतात. शरीर किती लहरी शोषते, त्या मापाला ‘सार’ म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून नव्या हँडसेटना किलोमागे १.६ वॅटची मर्यादा लागू झाली. ती शरीराच्या एक ग्रॅम भागावर मोजतात. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबली की बऱ्याच फोनवर हा आकडा दिसतो. फोन घेताना तो पाहून घ्यावा.

कॅन्सरचे काय? २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. पुरावा मर्यादित होता. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या पाहणीत ६३ अभ्यास तपासले गेले. मेंदूच्या कॅन्सरशी मोबाईलचा संबंध आढळला नाही. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र विनाखर्चाची काळजी घेण्यात नुकसानही नाही.

आता कामाची गोष्ट. लोक टॉवरला भितात, पण कानाला लावलेला फोनच शरीराच्या सर्वांत जवळ असतो. टॉवर लांब असला किंवा रेंज कमी असली, की फोन तिथवर पोहोचण्यासाठी जास्त ताकद लावतो. लूमच्या कारखान्यात किंवा पत्र्याच्या गोदामात, कापडाच्या गाठींमागे, लिफ्टमध्ये हेच घडते. त्यात लूमच्या खडखडाटात ऐकू यावे म्हणून आपण फोन कानाला आणखी दाबून धरतो!

यावर उपाय सोपे आहेत. रेंज कमी असेल तर बाहेर उघड्यावर येऊन बोलावे. लांबलचक हिशेब स्पीकरवर किंवा वायरच्या इयरफोनवर करावा. फोन डोक्यापासून वीतभर दूर गेला तरी लहरी झपाट्याने कमी होतात. ‘माल निघाला’ एवढेच कळवायचे तर मेसेज पुरे. रात्री फोन उशाखाली ठेवू नये. पेसमेकर बसवलेल्यांनी तो छातीच्या खिशात न ठेवता पेसमेकरपासून किमान सहा इंच दूर ठेवावा.

बाजारात लहरी अडवणारे म्हणून स्टिकर विकतात. त्यावर पैसे घालवू नका. स्टिकरने खरोखर लहरी अडवल्या, तर रेंज मिळवण्यासाठी फोन उलट जास्त ताकद लावील. माल पारखून घेण्याची आपली सवय इथेही कामी यावी.